ते सोयाबीन नव्हतं

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला ठाऊक आहे. आईलाही तसंच वाटतं. पण ही एक गोष्ट मी दोघांपासून लपवली आहे. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून नव्हे. कुणाला तरी सांगायचं आज ठरवलं आहे, एवढंच.

आधी हे सांगते की मी भित्री नाही. कधीच नव्हते. ऑफिसात साहेबांना तोंडावर चूक दाखवणारी मी. कोलकात्यात बसमध्ये धक्के मारणाऱ्याची कॉलर धरलेली मी. म्हणून तर ही गोष्ट मला स्वतःलाच नीट बसवता येत नाही. त्या दिवशी भीती वाटली होती का? की दुसरंच काही होतं?

बाबा बँकेत. त्यांची बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही डमडमला राहायला आलो. बारावीची परीक्षा संपली, तसं मी एस्प्लनेडच्या भर बाजारातल्या एका बर्गरच्या दुकानात अर्धवेळ काम धरलं. बाबांनी दोन दिवस अबोला धरला. "आपल्या घरातल्या मुलीने लोकांच्या उष्ट्या ताटल्या उचलायच्या?" मी म्हटलं, हो, उचलणार. आणि उचलल्या. टोपी, एप्रन, तळणीच्या यंत्राची पीप-पीप — मला सगळं आवडायचं. पंधरवड्यात मी काउंटरही सांभाळायला लागले. मॅनेजर म्हणायचा, ही मुलगी पुढे जाणार.

आमच्याच इमारतीत लेले काकू राहायच्या. मुलगा अजितदादा, सून शर्मिष्ठा वहिनी. वहिनी कोलकात्यातल्याच बागबाजारच्या, अस्सल बंगाली. पण काकू त्यांच्याकडे राहायला आल्या आणि वहिनींनी घरात मासळी शिजवणं बंद केलं. खावीशी वाटली की माहेरी जाऊन खायच्या. काकूंनी त्यांना मराठी शिकवलं होतं. वहिनी "माझा साडी" म्हणायच्या, काकू हसून "माझी" म्हणायच्या, आणि पुन्हा वहिनी "माझा"च म्हणायच्या. सासू-सुनेचं असं मेतकूट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. काकूंनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता, पण त्या कुणाला नावं ठेवायच्या नाहीत.

बंगाली वर्ष संपतानाच्या चैत्र सेलचे दिवस. एस्प्लनेडला पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी काकू खरेदीच्या पिशव्या घेऊन दुकानात शिरल्या — खास मला बघायला. "अगं रेवा, काय ऐटीत उभी आहेस!" मला इतका आनंद झाला! काउंटर सोडून मी आत गेले, स्वतःच्या हातांनी त्यांचा बर्गर बांधला. दाखवायचं होतं ना, मी काय काय करते ते.

मग चिकन बर्गर घेतलेला एक कॉलेजचा मुलगा हातातला बर्गर उघडून परत आला. "दीदी, ये तो वेज है."

मी आत पाहिलं. दोन ट्रे शेजारी-शेजारी. घाईत मी काकूंना त्याच्या ट्रेमधला, चिकनचा बर्गर दिला होता, आणि त्यांचा त्याला.

इथपर्यंत चूक आहे. चुका सगळ्यांच्या होतात, त्याचा कबुलीजबाब कोण देत बसतं?

पुढचं ऐका. काकू कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या होत्या. निम्मा बर्गर हातात शिल्लक होता. मी त्यांच्यापर्यंत गेले. मॅनेजर मागेच उभा. शाकाहारी माणसाला चुकून जरी मांस दिलं, तर त्याच दिवशी घरी — हा आमचा पहिला नियम. काकूंनी वर पाहिलं आणि विचारलं, "छान लागतंय गं. सोयाबीन का?"

"हो काकू. सोयाबीन."

आणि मी उभी राहिले. त्यांनी उरलेला अर्धा खाल्ला, बोटं पुसली, माझ्या गालावरून हात फिरवला — मी तिथेच उभी. थांबवू शकत होते. नाही थांबवलं. बाबांशी भांडून मिळवलेलं काम, ते जाईल, बाबा म्हणतील "सांगितलं होतं" — हेच डोक्यात होतं. काकू त्यात कुठेच नव्हत्या.

त्या संध्याकाळी वहिनींनी कच्च्या फणसाची भाजी केली होती, बंगाली पद्धतीची, गरम मसाला घालून. बंगाल्यांत ती हौसेने खातात, कारण ती अगदी मटणासारखी लागते. जेवण झाल्यावर काकूंच्या दातांतून एक तंतू निघाला. फणसाचा नव्हता, एवढं त्यांना कळलं. मग उलट्या. रात्रभर.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन त्यांना बघायला गेली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारात वहिनी लिंबाचं सरबत घेऊन उभ्या, डोळे सुजलेले.

"रेवा, खरं सांग," काकू म्हणाल्या. "तू दिलंस ते शुद्ध होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला याहून चांगली जागा कुठली मिळणार होती? आणि मी — काउंटरवर बोलते त्याच ठणठणीत आवाजात — म्हटलं, "काकू, आमच्याकडे तेलसुद्धा वेगळं असतं. चूक होणं शक्यच नाही."

काकूंनी मान हळूच दाराकडे वळवली.

"आई, मी नाही केला," वहिनी काकूंना म्हणाल्या. "मी काही नाही घातला त्यात."

त्या दिवशी काकूंनी त्यांचं मराठी सुधारलं नाही.

नंतर काकू आपलं जेवण आपणच करायला लागल्या, वेगळ्या शेगडीवर. वहिनींच्या हातचं पाणीही घेईनात. पावसाळ्याच्या आत त्या नाशिकला लेकीकडे गेल्या, त्या गेल्याच. अजितदादा वर्षातून एकदा एकटाच जाऊन यायचा. मी मात्र त्या दुकानात टिकले. शिफ्ट लीडरसुद्धा झाले. पुढे नोकरीच्या मुलाखतींत मी त्या कामाबद्दल फार छान बोलायचे — तिथे मी जबाबदारी शिकले, असं.

मागच्या वर्षी काकू वारल्या. मी वहिनींना भेटायला डमडमला गेले. त्या आता पन्नाशीच्या आहेत. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि अचानक त्या म्हणाल्या, "रेवा, मला एक सांगायचा आहे. त्या दिवशीचा कढई मी माहेरून आणला होता. तिथे कधीतरी मटण केला असेल. मी घासला होता, पण नीट नसेल घासला. एवढे वर्षं मी आईंना खोटी समजत होते. बहुतेक माझंच चुकलं."

त्या रडत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःवरचा आरोप पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला होता, आणि शेवटी मान्य केला होता.

मी त्यांचा हात हातात घेतला. थोपटला. आणि म्हटलं, "जाऊ दे वहिनी. मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही?"

ऐकलंत ना? मी त्यांना माफ केलं. त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, तू फार चांगली आहेस.

मी अठरा वर्षांची होते तेव्हाचं एक वेळ सोडून देता येईल असं तुम्ही म्हणाल. पण हे मागच्या वर्षीचं आहे. दुकान नव्हतं, मॅनेजर नव्हता, बाबाही काही म्हणणार नव्हते. समोर फक्त त्या होत्या, आणि मला कसलीच भीती नव्हती.

त्या कढईत काहीही नव्हतं.