वरमाय सायकलवर

विहिणीनं पहिल्या भेटीत माझी कंबर मोजली. फीत वगैरे घेऊन नव्हे. सायकलची सीट माझ्या कमरेशी धरली, डोळे बारीक केले, सीट दोन बोटं खाली घेतली आणि मग हात पुढे करून स्वतःचं नाव सांगितलं. आमच्याकडे मुलीची आई मुलाच्या आईला पहिल्यांदा भेटते तेव्हा निदान पाणी देते, बसा म्हणते. इथे बसा म्हटलं ते सायकलवर. पुढे पिवळं जाकीट घातलेली विहीण, मध्ये सात अनोळखी प्रवासी, त्यांच्या मागे मी आणि सगळ्यांत शेवटी माझा मुलगा, अशी आमची वरात निघाली.

विहीण धंद्यानं गाईड. नेदरलँडमधल्या युट्रेक्ट या जुन्या शहरात ती कालव्यांच्या काठानं पर्यटकांना सायकलवर फिरवते. माझा मुलगा चार वर्षांपासून तिथे नोकरीला आहे आणि तिची मुलगी त्याला आवडली आहे, इतकं आम्हाला कळलं होतं. दोघी आयांची भेट या फेरीतच घडवायची, ही कल्पना त्याची. म्हणाला, समोरासमोर बसवलं की तू चौकशा सुरू करतेस. खोटं नाही. सावंगीच्या एका दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी तीस वर्षं गेली. माणूस दिसला की आधी काय झालं होतं, घरात कोणाला काय आहे, झोप लागते का, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आणि या वेळी तर मी चौकशीलाच आले होते. वडनेरला आमचं सोयाबीन काढणीला आलेलं, त्यामुळे मुलाचे बाबा येऊ शकले नाहीत. नागपूरच्या विमानतळावर त्यांनी माझ्या हाती बॅग दिली आणि म्हणाले, "पोरगी तू पाहून ये. तू हो म्हनलं तं हो, नाई म्हनलं तं नाई. तोपर्यंत मी भावाइले काही सांगत नाई." त्यांच्या घरात आजवर एकही सोयरीक भावांना विचारल्याशिवाय जुळलेली नाही. तो अख्खा अधिकार त्यांनी एकट्या मला देऊन टाकला. दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचा की नाही, हे माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं.

तो शब्द घेऊन मी तीन दिवस त्या शहरात फिरत होते आणि तो काही तोंडातून निघेना. मुलगी लहान मुलांच्या शाळेत शिकवते. उंच आहे, बोलते कमी. मी केलेला झुणका तिनं पाणी न मागता खाल्ला, नाक तेवढं लाल झालं. तिच्यात खोट सापडली असती तर माझं काम सोपं झालं असतं. मला मनातून खोटच हवी होती, हे आता लिहायला हरकत नाही. मी हो म्हटलं की मुलगा कायमचा तिकडचा होणार, आणि नाही म्हटलं तर तो माझाही राहणार नाही. घरी अशा वेळी मी कपाट आवरते, घासलेली भांडी पुन्हा घासते, वॉर्डात एक फेरी जास्त मारते. इथे करायला काही नव्हतं. रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी मुलाच्या खिडकीतून लोकांच्या सायकली मोजायच्या. शेवटी शनिवारी सकाळी ठरवलं, मुलगी शाळेच्या कार्यक्रमाला गेलीच आहे, तर आज विहिणीला पारखायचं आणि फेरी संपेपर्यंत निकाल लावायचा. खाण तशी माती म्हणतात.

सायकलची मला भीती नव्हती. हिंगणीहून सेलूच्या शाळेत मी वडिलांच्या उंच सायकलवर जात असे, आणि नोकरीच्या सुरुवातीला वर्धेहून सावंगीला रोज. जमेल ना, असं मुलानं विचारलं तेव्हा मी त्याला आठवण करून दिली की तुला डोस पाजायला मी सायकलवरच नेलं होतं.

पण मला एक सवय आहे. विचारात असले की मी पायडल उलटं फिरवते. आपल्या सायकलीवर उतार लागला की पाय मोकळे होतात, उलटं फिरवत बसावं, चेन टिकटिक करते आणि डोकं चालतं. माझे आयुष्यातले बरेच निर्णय असे टिकटिक करत झालेत. त्या सायकलीच्या हँडलला मात्र ब्रेक नव्हता. पहिल्या पुलाचा उतार आला, मी विचारात पडले, पाय मागे फिरले आणि सायकल जागच्या जागी गच्चकन थांबली. मागून मुलगा येऊन मडगार्डवर आदळला.

तो म्हणाला, इथे उलटं पायडल म्हणजेच ब्रेक असतो.

"हे आता सांगून राह्यला का?" मी म्हटलं.

विहीण मागे वळून आली. तिनं माझा गुडघा पाहिला, मग माझा चेहरा पाहिला, आणि मला सगळ्यांच्या पुढे, आपल्या अगदी मागे घेतलं. मला ते आवडलं आणि आवडलं म्हणून रागही आला. पुढेही दोन वेळा तसंच झालं. त्या सायकलीवर काळजी करायची सोयच नव्हती. काळजी केली की ती थांबायची.

शहर सुंदर आहे. माझं लक्ष नव्हतं, तरी सांगते. कालवा रस्त्याच्या बराच खाली आहे, आणि पाण्याच्या पातळीला घरांची तळघरं उघडतात. पूर्वी नावेतला माल सरळ तळघरात जायचा, तिथून वर घरात. आता तिथे चहा-कॉफीची दुकानं आहेत. झाडंही खालच्या काठावर उगवतात आणि रस्त्यावरच्या माणसाला त्यांचे शेंडेच दिसतात. विहीण हे सगळं मजेत सांगत होती, हात वर करून माणसं थांबवत होती, निघताना सगळी मोजत होती. मी पाण्याकडे पाहत होते. हिंगणीकडे बोर धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं की ते घाईत असतं, त्याला कुणाच्या तरी वावरात जायचं असतं. इथलं पाणी जागेवर उभं. ते पाहून माझा जीव आणखीच कासावीस व्हायला लागला. मी विचारलं, हे जातं कुठे? ती हसली आणि म्हणाली, त्याला आता कुठेच जायचं नाही.

एका चौकात उंच मनोरा होता आणि बऱ्याच अंतरावर त्याचं चर्च. मधला भाग फार पूर्वी वादळात पडला, म्हणे. एका प्रवाशानं विचारलं, परत का नाही बांधला? ती म्हणाली, लोकांना मधून जायची सवय झाली. सगळे फोटो काढायला पांगले. मला वाटलं हीच वेळ, आता हिला विचारावं की तुझी मुलगी सासरी कधी येऊन राहील का, आमचं दुखलंखुपलं तर फोन उचलेल का. इंग्रजी वाक्यं मी मनात जुळवली. तेवढ्यात तिनं हात वर केला आणि सगळे निघाले. थांबलो की ती बोलत असे आणि निघालो की मी ब्रेक मारत असे. सव्वाबारा होत आले होते. फेरी एकला संपणार होती.

कालवा जिथे वळतो तिथे नगरपालिकेची जुनी इमारत आहे. तिथे विहिणीनं आम्हाला थांबवलं, ही इमारत कितीतरी जुनी घरं जोडून केली आहे वगैरे सांगितलं, आणि लोक पुन्हा फोटोंच्या मागे लागल्यावर आपली सायकल माझ्या सायकलीला लावून उभी राहिली. माझ्या दंडावर हात ठेवला. तिचा आवाज बदलला होता, गाईडचा राहिला नव्हता.

म्हणाली, ही ती जागा. इथेच जूनमध्ये आपल्या मुलांचं लग्न झालं. सकाळी, दहा मिनिटांत. साक्षीदार म्हणून मी सही केली.

मी ऐकत होते. वॉर्डात नातेवाइकाला वाईट बातमी सांगताना त्याचा चेहरा कसा होतो हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. तो चेहरा माझा होऊ द्यायचा नाही, एवढंच त्या क्षणी सुचलं.

ती पुढे म्हणाली, तुम्हाला दवाखान्यातून रजा मिळाली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्या मुलानं सांगितलं तेव्हा मी मुलीला म्हटलंसुद्धा, तारीख पुढे ढकला. आणि मग ते वाक्य बोलली, "तुमच्या दोघांसाठी आम्ही पुढे दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या."

मुलगा दहा हातांवर उभा होता. त्याला ऐकू गेलं नसेल, पण इमारत कुठली आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याचा चेहरा बारावीच्या निकालाच्या दिवशी झाला होता तसा झाला.

आमच्या घरात एक रीत आहे, कोणी शिकवत नाही पण सगळ्यांना येते. घरात कितीही फाटो, विहिणीसमोर ठिगळ दिसू द्यायचं नाही. माझ्या सासूबाईंनी ती पाळली, माझ्या आईनं पाळली. मला वाटायचं मी त्यातली नाही, मी फटकळ आहे. पण माझ्या तोंडून काय निघालं, तर हो, रजा नाही मिळाली, त्या महिन्यात स्टाफ फार कमी होता. वर हसलेही. जून महिन्यात मी आठ दिवस रजेवर होते. घराचं रंगकाम काढलं होतं, कधीतरी सूनबाई येईल म्हणून.

तिनं माझा दंड दाबला. मग सांगितलं की तिलाही काही फार आधी विचारलं नव्हतं. मंगळवारी कळलं, गुरुवारी लग्न. ती चिडली होती, रडलीही होती. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, तुला मंगळवार तरी मिळाला.

कॉफीसाठी सगळे पायऱ्या उतरून खालच्या काठावर गेले. मी वरच, सायकलींजवळ थांबले. बसवत नव्हतं. कालव्याच्या कठड्यानं दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. मुलगा आला. बोलायला लागला तो थांबेचना. एकत्र घर घ्यायचं होतं, नोंदणी असली की कागदपत्रं सोपी जातात, हे नुसतं कागदावरचं आहे, खरं लग्न वडनेरलाच करायचं होतं, आज संध्याकाळी तो सगळं सांगणारच होता. त्या मुलीला वाटतं आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती तर आम्ही का आलो नाही म्हणून हिरमुसली होती.

मी विचारलं, "काऊन नाई सांगतलं?"

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "बाबा नाई म्हनले असते तं?"

"म्हनले असते," मी म्हटलं. "मीबी म्हनली असती. अरे, आमाले नाई म्हनाचा तरी मोका द्याचा होता."

त्याला रडू आलं. मला आलं नाही. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याच हातानं त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ करावीशी वाटत होती. मी कॉलर सरळ केली. पुरुषासारखा पुरुष, डोक्यात दोन पांढरे केस, आणि आईबापाला इतका घाबरतो की त्यांच्याशिवाय लग्न करतो. यात माझा किती हात आहे, हे मी अजूनही शोधते आहे. सापडतं तेव्हा झोप उडते.

उरलेली फेरी मी कशी केली, आठवत नाही. एकदाही ब्रेक लागला नाही, म्हणजे डोक्यात काहीच नसावं. एक वाजता विहिणीनं सायकली जमा केल्या, प्रवाशांना निरोप दिला आणि माझ्या गळ्यात पडली. संध्याकाळी जेवायला घरी या म्हणाली. मी येते म्हटलं. ती बाई चांगली आहे. खाण पारखायला निघाले होते, त्यात खोट निघाली ती माझ्याच मातीची.

ती आत कुलूप लावायला गेली आणि माझा फोन वाजला. वडनेरला साडेचार वाजले असतील. पलीकडे थ्रेशर घरघरत होतं, आणि मुलाचे बाबा आवाज चढवून विचारत होते, जेवली का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे. मुख्य गोष्ट विचारायला त्यांना नेहमीच वेळ लागतो. मुलगा माझ्यासमोर उभा होता, हातात माझी पर्स धरून.

"मंग?" ते म्हणाले. "काय सांगतलं तू त्याईले?"

"हो म्हनलं," मी म्हटलं.

थ्रेशर बंद झालं. त्यांनीच कोणाला तरी खूण करून बंद करायला लावलं असणार. मग म्हणाले, आजच भावाइले सांगतो, मोठा दादा खूश होईल.

"लय दिवसाची अडून होती ना गोष्ट," ते म्हणाले. "त्याईनं वाट पाह्यली नं आपल्या होची?"

मुलानं मान खाली घातली.

"पाह्यली तं," मी म्हटलं. "थांबूनच राह्यले होते बिचारे."