नाण्यांचं मशीन आणि एक वाटी

माझं मंगळसूत्र समुद्रात वाढलं. तुटलं म्हणायचं नसतं, वाढलं म्हणायचं. पण ओल्या वाळूत गुडघे टेकून काळे मणी वेचताना मी जे काही म्हणत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारची सकाळ होती. अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर एक किनारा आहे. तिथे मेटल डिटेक्टर चालवायला हरकत नाही, हे मी आधीच विचारून घेतलेलं. जुन्या अवशेषांच्या आसपास तर मी फिरकतही नाही. माझा शौक साधा. लोकांच्या खिशातून पडलेली नाणी शोधायची. नवरा सगळ्यांना सांगतो, "आमची ही सुट्टीच्या दिवशी भंगार गोळा करते." सांगू दे. आठवडाभर ऑफिसात ज्याचं त्याचं अर्जंट ऐकल्यावर कानात फक्त समुद्र आणि मधूनच एखादं टुण्ण, यापरतं सुख नाही.

त्या दिवशी पाण्याच्या कडेला वाकले, हेडफोनची वायर मंगळसूत्रात अडकली आणि उठताना हिसका बसला. मणी उडाले. एक वाटी कुर्त्याच्या आत अडकून राहिली. दुसरी वाळूत पडली, आणि मी हात घालेपर्यंत वरून लाट आली.

दोन वाट्यांपैकी एक सासरची. ती सासूबाईंनी घातलेली. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, नवरा अबूधाबीहून निघालेल्या विमानात असतानाच. दुसरी माहेरची. ती आईने स्वतःच्या बांगडीचं सोनं मोडून घडवलेली. सोनाराच्या हातून आतल्या बाजूला बारीकसा पोचा आला, तर बदलून घ्यायचं सोडून आई म्हणाली, "राहू दे, खूण राहील." आई जाऊनही बरीच वर्षं झाली. तिची वाटी माझ्या डाव्या अंगाला असते, आणि कुर्त्यात वाटी सापडली ती उजव्या बाजूला. म्हणजे आईची गेली.

मी वेड्यासारखं मशीन फिरवलं. पण माझं जुनं मशीन कोरड्या वाळूत शहाणं आणि खाऱ्या ओल्या वाळूत पिसाळलेलं. पाण्याजवळ नेलं की काही नसतानाही किंचाळतं. म्हणून तर गेले कित्येक महिने मला नवीन घ्यायचं होतं आणि दोन मॉडेल्समध्ये माझं घोडं अडलं होतं. एक नाण्यांचं. त्याला ओली वाळू बऱ्यापैकी सोसते, नाणं असेल तर स्क्रीनवर आकडा दाखवून गोड वाजतं, आणि कचरा असेल तर गप्प बसतं. दुसरं खास समुद्राचं. ते पाण्यातही चालतं, पण चॉकलेटचा कागद, कॅनचं झाकण, जे असेल त्यावर कोकलतं. मला ते गप्प बसणारं हवं होतं. घरात, ऑफिसात कोणी गप्प बसत नाही, निदान मशीनने तरी बसावं.

"यल्ला, चल, दुबईला, देऱ्याच्या त्या दुकानात जाऊ," माझ्याबरोबर मणी वेचणारा नवरा म्हणाला. "आज काय तो निकाल लाव. संध्याकाळी ओहोटी आहे."

आधी घरी गेलो, कारण गळा रिकामा ठेवायचा नाही. दोरा हळदीत भिजवला, त्यात ती उरलेली वाटी ओवली आणि गळ्यात बांधली. वाटीकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही. जी गेली नव्हती तिच्याकडे काय बघायचं! मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ पेंडंट." पेंडंट म्हणे! मी तिच्याकडे असं बघितलं की ती मुकाट्याने खोलीत गेली. दोऱ्यावरचा माझा विश्वास उडाला होता, म्हणून वाटीच्या शेजारीच दोऱ्यात एक जाड पितळी पिन घालून ती आतून कुर्त्याला टाचली.

दुबईपर्यंत मी एकटीच बोलत होते. आई अशी, आईची बांगडी तशी, लग्नात आई काय म्हणाली. नवरा हूं हूं करत गाडी चालवत होता. एरवी तो प्रत्येक गोष्टीचे दिरहममधून रुपये करून सांगतो, भाजीचेसुद्धा. त्या दिवशी दुकानात मशीनची किंमत ऐकली आणि एक आकडा तोंडातून काढला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

दुकानदाराने दोन्ही मशीनं टेबलावर ठेवली. "मॅडम, ये चीज उतारके इधर रखो, टेस्ट करते हैं."

"उतारेंगे नहीं," मी म्हटलं.

"गले में टेस्ट नहीं होता, मॅडम. और पतला सोना और कचरा मशीन को एक जैसा दिखता है. सिक्केवाला शायद सुनेगा भी नहीं."

"होता है. दाखवते."

अंगठी, कानातलं, बांगड्या, सगळं काढून पर्समध्ये टाकलं, पण गळ्यातला दोरा काढला नाही. एकदा वाढलंय, पुन्हा आपल्या हाताने कोण काढेल? टेबलावर वाकले, गळा मशीनच्या तबकडीवर नेला. समुद्राचं मशीन किंचाळलं, ते किंचाळणारच. मग नाण्यांचं. टुण्ण! असं स्वच्छ, असं गोड, आणि वर ठसठशीत आकडा. मला रडूच आलं. "हेच," मी म्हटलं. दुकानदार काहीतरी पुटपुटला. नवरा म्हणाला, "अगं, तो काय म्हणतोय ते ऐक तरी." मी कसली ऐकतेय!

परत किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी बरंच मागे गेलं होतं. मणी जिथे सांडले ती जागा मी लाइफगार्डच्या खुर्चीवरून धरून ठेवली होती. मशीन लावलं आणि चालू लागले. ओळीने, अगदी हळू, तबकडी वाळूला घासत. मशीन गप्प. एक दिरहमचं नाणं सापडलं, ते आनंदाने वाजलं. मी ते फेकून दिलं. परत शांतता. पाण्याची रेघ थांबून पुन्हा पुढे सरकायला लागली होती. भरती आली की लाटा वाटी कुठे नेतील, किती खोल पुरतील, कोण सांगणार?

"ह्याला वाटी नक्की कळते ना?" नवऱ्याने विचारलं.

"दुकानात डोळे मिटून उभा होतास का?" मी खेकसले आणि तिथेच गळा तबकडीवर नेऊन दाखवला. टुण्ण. "ऐकलंस?"

तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला. मग बोट दाखवून म्हणाला, "पिन."

कपाळ माझं! मी पिन उपसली, वाळूत फेकली, पुन्हा वाकले. मशीन गप्प. तबकडी लांब राहिली असेल म्हणून पुन्हा वाकले. गप्प. शेवटी मी गाठ सोडली, आपल्याच हाताने, आणि दोरा त्याच्या तळहातावर ठेवला. तबकडी वाटीला टेकवली तरी मशीन मुकं. ज्या मशीनला वाटी म्हणजे चॉकलेटचा कागद वाटत होती, ते घेऊन मी सगळी ओहोटी वाया घालवली होती.

दोरा उचलताना वाटी उलटी झाली. आतली हळद पाण्याने धुऊन गेली होती. आत पोचा होता.

मी अंगठ्याने घासून बघितलं. तोच. आईचा. मागे देऱ्यात मंगळसूत्र नव्याने गाठवून घेतलं होतं, तेव्हा वाट्यांची अदलाबदल झाली असणार, आणि मी इतके दिवस डावीकडची ती माहेरची म्हणत बसले होते. "अरे, आईची आहे ही!" मी ओरडलेच. "गेलीच नव्हती! काखेत कळसा आणि गावाला वळसा! सुटले रे बाबा, सुटले!" इतकं हलकं वाटलं की मी खरंच हसत सुटले.

मग नवऱ्याकडे बघितलं. तो पाण्याकडे बघत होता.

"म्हणजे आईची गेली," तो म्हणाला. "असू दे. तुझी मिळाली ना. चल, अंधार पडेल."

असू दे! दिवसभर हा माणूस माझ्या आईसाठी माझ्यामागे धावत होता आणि आता स्वतःच्या आईवर आली तर म्हणे असू दे. मला त्याचा रागच आला. "असू दे वगैरे काही नाही," मी म्हटलं. "उद्या दुकान उघडायच्या आधी आपण दारात उभे असणार."

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्याच्याही लागला नसावा.

रविवारी दुकानदाराने मशीन बदलून दिलं. "मैंने बोला था उतारके रखो," हे ऐकवल्याशिवाय तो थोडाच राहणार! ह्या वेळी मी दोरा स्वतःहून टेबलावर ठेवला. समुद्राचं मशीन वाजलं. बारीक, चिरकं, कागदावर वाजावं तसंच. तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी पुन्हा ओहोटी. मी मशीन फिरवत होते आणि नवरा चाळणीचं फावडं घेऊन मागे. ते मशीन पावलापावलाला चिरकत होतं आणि प्रत्येक आवाज सारखाच. कागद. कॅनचं झाकण. कागद. कसलातरी पत्रा. एकही आवाज सोडायचा नाही, असं ठरवलं होतं. पाणी वळलं. घोट्यापर्यंत आलं. नवऱ्याचे हात सोलले होते, तरी फावडं द्यायला तयार नव्हता. मी मनात म्हणत होते, आई, तुमच्या लेकासाठी तरी. सासूबाईंशी मी आयुष्यात इतक्या कळवळून कधी बोलले नव्हते.

पुन्हा चिरकलं. त्याने वाळू चाळली, पाण्यात हलवली आणि थांबला. चाळणीत एक काळा मणी होता आणि त्याच्या शेजारी वाटी.

"आत बघ," मी म्हटलं. "पोचा आहे?"

त्याने बोट फिरवलं. "नाही. गुळगुळीत आहे."

आणि तो तिथेच पाण्यात बसला. आई गेली तेव्हा हा रडला नव्हता. तिथे पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, मग लोकांना भेटण्यात आणि परतीच्या तिकिटात दिवस गेले. आता कपड्यांसकट पाण्यात बसून, मूठ छातीशी धरून, तो मोठ्याने रडत होता. मी त्याच्या शेजारी बसले. हातातलं मशीन खालच्या कशावर तरी अजून चिरकत होतं. मी ते बंद केलं.