फुकटचं म्हणून कुरूप का?

"फुकटचं आहे म्हणून कुरूप का असावं?" असं म्हणत तो शर्टाच्या टोकाने कॉम्प्युटरची काच पुसायचा. काच स्वच्छ असली तरी पुसायचा. तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल, ज्याला सगळे हसतात. आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत त्याला फुकटवाला म्हणत. तोंडावर म्हणत. तोही ओ द्यायचा.

तळमजल्यावर माझं पोळी-भाजी केंद्र, आणि शेजारच्या खोलीत सोसायटीचं वाचनालय. दिवसा तो ठाण्याला नोकरी करायचा. संध्याकाळी माझ्याकडून पोळ्या घ्यायचा आणि वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरांपुढे जाऊन बसायचा. एकटाच होता. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "मावशी, आधी हे दिसायला बरं करू दे. मग माझं बघू."

हे म्हणजे काय, ते त्याने मला, चौथी शिकलेलीला, असं सांगितलं. कॉम्प्युटर चालू केला की समोर जे दिसतं, घड्याळ, चित्रं, खालची पट्टी, उघडणाऱ्या खिडक्या, त्या सगळ्याचं दुकान असतं आणि लोक ते विकत घेतात. पण जगभरातली काही माणसं मिळून तसंच एक बनवतात आणि कुणालाही देऊन टाकतात. घ्या, वापरा, आवडलं नाही तर बदला. आतून ते भक्कम होतं म्हणे, पण दिसायला सरकारी दवाखान्यासारखं. म्हणून कुणी घेत नव्हतं. ते देखणं करायचं, हे याने अंगावर घेतलं होतं.

"पैसे कोण देतं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग मरतोस कशाला?"

"तुम्ही रोज दारात रांगोळी काढता. त्याचे कोण देतं?"

"दार माझं आहे."

"हेही माझंच दार आहे, मावशी."

तेव्हा सेक्रेटरीच्या मनात आलं होतं की हे जुन्या कॉम्प्युटरांचे डबे भंगारात काढावेत आणि नवे, विकतच्या सामानाचे आणावेत. जुन्या डब्यांवर विकतचं चालत नव्हतं, ह्याचं फुकटचं तेवढं चालायचं. पण त्यापुढे बसणार कोण? हा म्हणाला, "सर्वसाधारण सभेपर्यंत थांबा. लोक बसले नाहीत तर भंगारवाल्याला मीच बोलावतो."

बोलून बसला आणि मग घाबरला. घाबरला म्हणून त्याने मोठी चूक केली. दारोदार जाऊन प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय दिसलेलं आवडेल? आमच्या सोसायटीला असं विचारतात का कधी? कुणी गणपती सांगितला, कुणी गुलाब, कुणी सोन्याचा भाव, कुणी हलणारे ढग. सेक्रेटरीने स्वतःचं नाव सांगितलं. या शहाण्याने सगळं पडद्यावर घातलं.

"बसा मावशी. काय दिसतं?"

"वाढदिवसाचा फ्लेक्स दिसतो. चौकातला. खाली शुभेच्छुकांचे फोटो तेवढे राहिले."

तो हसला. मग माझ्यासमोरच त्याने एकेक करून सगळं पुसलं. सेक्रेटरीचं नाव पुसताना मात्र त्याला जरा मजा आली.

त्या रविवारी तो कोलशेतला गेला. माझं माहेर ते. परत आला तो खाडीचा फोटो घेऊन. ओहोटीची वेळ, उघडा पडलेला गाळ, त्यावर पाण्याची एक चकचकीत रेघ, लांबवर बगळा. तोच त्याने पडदाभर लावला आणि वर मोजकी चार चित्रं, मोठ्या मराठी अक्षरांत नावं.

"अरे, गाळ कोण बघणार?" मी म्हटलं. "त्या गाळात मी लहानपणी गुडघाभर रुतलेय. काही शोभा नाही त्याला."

"बघतील."

"आणि वाचनालयाच्या दारावर तू लावलीस ती 'मोफत'ची पाटी काढ. लोकांना वाटतं, फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार."

"पाटी राहील. चोरी केलीय का मी?"

असा हेकट. परदेशातल्या त्याच्या सोबत्यांशीही भांडला. त्यांना पडद्यावर बर्फाचा डोंगर हवा होता. याने कळवलं, बर्फाचे डोंगर सगळ्यांकडे आहेत, आमच्याकडे गाळ आहे. पुढे त्यांनी तो घेतला. आता कुठल्या कुठल्या देशांत कोलशेतचा गाळ उघडतो. माझ्या भावाला सांगितलं तर म्हणाला, "वास पण येतो का?"

सभा वाचनालयातच होती. सुरू होण्याआधी सेक्रेटरीला कसलीशी सूचना छापायची होती. गडबडीत समोर दिसला त्या कॉम्प्युटरवर बसला, कुणाला न विचारता टाइप केलं, छापलं, कागद घेऊन उठला आणि म्हणाला, "छान आहे. हा नवीन कधी आणला?"

सगळी सभा हसली. फक्त फुकटवाला हसला नाही. काच पुसत उभा राहिला. भंगाराचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

तो गेला गेल्या वर्षी. साधा ताप म्हणून अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी रडले नाही. मूर्खपणा केला त्याने, आणि ते मी त्याच्या बहिणीलाही सांगितलं.

महिना झाला नसेल, तर सेक्रेटरीचं पुन्हा तेच. "मावशी, आता तो नाही. बिघडले तर बघणार कोण? भंगारवाला आलाय, उठा जरा." दुपारी केंद्र बंद करून मी तिथे कॉम्प्युटरवर पेपर वाचायला बसते, तशीच बसले होते.

"बिघडेल तेव्हा बघू. आज चालतोय."

"अहो, फुकटचं आहे ते. कुणाच्या मालकीचं नाही."

"म्हणूनच तुला विकता येत नाही. मला उठवून दाखव."

मी उठले नाही. पलीकडच्या खुर्च्यांवरच्या बायकाही उठल्या नाहीत. भंगारवाला पोतं खांद्यावर टाकून दारात उभा होता, 'मोफत'च्या पाटीखाली. वाकून माझ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "आजी, ही कोलशेतची खाडी ना?"

मी पदराने काच पुसली, त्याला नीट दिसावं म्हणून.