डी ड्राइव्हला काही होत नाही

त्या वर्षांत मला दोन गोष्टींची धास्ती असायची. एक, नळाला पाणी येईल तेव्हा आपण घरी नसू. दोन, कम्प्युटर बंद पडेल. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत दुष्काळातही घरांवर मजले चढत होते, प्रत्येक मजल्यावर कंपनीत लागलेले नवे भाडेकरू येत होते, पण पाइप तोच जुना आणि पाणी पाच-सहा दिवसांनी. तरी पाण्याचा काहीतरी अंदाज बांधता यायचा. कम्प्युटरचा तोही नाही.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचे. नवरा कंपनीत होता. सुट्टी बघून तो लग्नाचं शूटिंग घ्यायचा आणि पुढची कापाकापी, गाणी, नावं टाकणं माझ्याकडे. गल्लीत कम्प्युटरवाली म्हणून मीच एकटी, त्यामुळे थोडी मिजासही होती. कम्प्युटरवर विंडोज होती, तीही कुणाच्या तरी कॉपीवरून केलेली कॉपी. अल्बमवाल्यांचे पेन ड्राइव्ह सारखे लावावे लागत आणि त्यातून व्हायरस येत. मग दर दोन महिन्यांनी फॉरमॅट मारायचा, म्हणजे विंडोज पुसून नव्यानं टाकायची. आम्हा सगळ्या मिक्सिंगवाल्यांचा त्यावर एकच उपाय होता: सी ड्राइव्हमध्ये काही ठेवायचं नाही, सगळं डी मध्ये टाकायचं. फॉरमॅटमध्ये सी पुसली जाते, डी ला काही होत नाही. ज्यानं मला हे काम शिकवलं त्यानं हे सांगितलं होतं आणि मीही पुढे चार बायकांना तसंच सांगितलं. असं का, हे ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे गल्लीतल्याच एका लग्नाचं काम होतं. आमच्यापासून तिसरं घर. नवरीच्या आईला मी मावशी म्हणायचे. लग्नाच्या आठवडाभर आधी मावशींचं ऑपरेशन करावं लागलं आणि टाके बिघडून त्या दवाखान्यातच अडकल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या, नवऱ्या मुलाला पुण्याहून रजा मिळाली होती. "माझ्यापायी थांबू नका," असं त्यांनीच सांगितलं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, लेक पुण्याला गेली, आणि आई खाटेवर. घरी आल्यापासून त्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि मी दिसले की विचारायच्या, "झाली का गं कॅसेट?" डीव्हीडीला त्या कॅसेटच म्हणायच्या.

नेमकं त्याच कामात मशीन दर दहा मिनिटांनी अडकायला लागलं. मी रडकुंडीला आले. तेव्हा कुठे मी ठरवलं की ही रोजची कटकट मुळापासूनच संपवायची, सिस्टिमच बदलायची. शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओत मी मॅक पाहिला होता. तिथले लोक त्याच्यासमोर चपला काढून बसत. तो आपल्याला झेपणारा नव्हता. नवी, असली विंडोज घ्यावी तर पेन ड्राइव्ह तेच आणि त्यातले व्हायरसही तेच. राहिलं लिनक्स. कम्प्युटर क्लासच्या सरांनी त्याची सीडी दिली. म्हणाले, "फुकट आहे, व्हायरसचा त्रास जवळजवळ नाही. एडिटिंगचे प्रोग्राम वेगळे आहेत, हात बसायला वेळ लागेल." दोन आठवडे ती सीडी मी कपाटात ठेवली. आहे ते सोडायची भीती आणि आहे त्यात राहायचीही भीती. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुला कळतंय ना? मग कर."

कळत होतं असं मला वाटत होतं, तीच तर चूक.

एका सकाळी सीडी घातली. पडद्यावर विचारलं, डिस्क पुसून इन्स्टॉल करू का? मी ते वाचलं. वाचलं नाही असं म्हणायची सोय नाही. डिस्क म्हणजे सी, असं धरून चालले आणि 'हो' दाबलं. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, पाणी आलं होतं. मी पाइप घेऊन धावले. तासभर ड्रम भरले, हंडे भरले, शेजारणीशी चार वाद घातले आणि ओल्या पायांनी खुशीत घरात आले. पडदा लख्ख, नवा. मी डी शोधायला लागले. डी नव्हती. सी पण नव्हती. सगळी मिळून एकच मोठी, कोरी जागा होती.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. भिंत घातलेली एकच खोली. तुम्ही आख्खी खोलीच पाडली."

कॅमेऱ्याचं कार्ड नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या लग्नासाठी पुसलं होतं, आमची नेहमीचीच पद्धत. डी मध्ये आहे ना, मग झालं. त्या आईनं न पाहिलेलं लग्न जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते मी पुसलं होतं.

शहरात गुलमंडीच्या मागच्या बोळात एक चाचा डिस्कमधलं गेलेलं परत काढून द्यायचे. दुसऱ्या दिवशी डिस्क पदरात गुंडाळून मी बसनं गेले. त्यांनी आधी मलाच झापलं. "कायकू मिटाए भाभी? बाद में इसमें कुछ डाले क्या?" नाही म्हटल्यावर जरा मऊ झाले. "घबराओ नक्को. चार दिन लगते. कितना आता, वो मैं नहीं बोल सकता."

ते चार दिवस मी चोरासारखी राहिले. भाजी आणायला मागच्या गल्लीनं जायचे. पाण्याचा दिवस आला तेव्हा तर नवऱ्यालाच पाइप घेऊन पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, "मावशी विचारत होत्या." मी त्याच्यावरच खेकसले.

पाचव्या दिवशी चाचांनी डिस्क दिली. शेकडो फाइली, एकीलाही नाव नाही. मी एकेक उघडून बघत गेले. हळद सापडली. वंदना सापडली, पांढऱ्या साडीतली नवरी, हार, जेवणाच्या पंगती. देवाला न मानणारी मी, पण दर फाइलीला हात जोडत होते. फक्त पाठवणी उघडेना. चाचांनी परत प्रयत्न केला आणि नकारार्थी मान हलवली.

जे होतं त्यावर मी डीव्हीडी केली, सरांच्याच क्लासमध्ये बसून. शेवटी अल्बमवाल्याकडचे फोटो लावले, वर सनईचे सूर, आणि दिली. मावशींनी मला जबरदस्तीनं शेजारी बसवलं. दुपारभर त्या पडद्यावरची नजर न हलवता बघत राहिल्या. अधूनमधून "ही साडी मी घेतलेली," एवढंच बोलल्या.

"सरलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"अन् निघतानाचं?"

"तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती," मी म्हणाले.

"लई रडली का गं ती?"

खरं सांगितलं तर यांना त्रास होईल, टाके अजून ओले आहेत, असा विचार मी केला. निदान स्वतःला तसंच सांगितलं. "नाही मावशी. हसत गेली."

त्या रिमोटचं झाकण उघडत-लावत राहिल्या. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं. मला आपलं वाटत व्हतं, निदान एक डाव तरी आई पायजे म्हणंल."

मला तिथं बसवेना आणि उठवेनाही. मी सगळं बोलून टाकलं. बॅटरीचं खोटं, सीडी, डी, चाचा, सगळं. डिस्कचं त्यांना काही कळलं नसावं, किंवा त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मी पाठवणी सांगितली. ती फाइल जायच्या आधी मी दोनदा पाहिली होती, कापायला. रडणं गिऱ्हाइकाला फार चालत नाही, म्हणून तिची दोन मिनिटं करणार होते.

"ती गाडीत बसेना, मावशी. दार धरून उभी राहिली. मला आधी दवाखान्यात न्या म्हणाली, आईला दाखवून मग जाते म्हणाली. तुमच्या दिरांनी समजावलं, गाडीला उशीर होतोय म्हणाले. तरी हात सोडला नाही तिनं दाराचा. अकरा मिनिटं."

"अकरा?"

"पूर्ण अकरा. फाइलवर लिहिलेलं असतं."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग टीव्ही बंद केला, खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली आणि म्हणाल्या, "आता परत सांग. सावकाश सांग, कुठलं गाळू नको."