भुलाबाईसमोरचं तिचं कडवं

ज्वारीच्या ओल्या धांड्यांचा वास आला की मला आमच्या गल्लीतली ती कोजागिरी आठवते. पाच धांडे बांधून भुलाबाईचं, म्हणजे आमच्याकडच्या पार्वतीचं, मखर केलं होतं आणि बायकांनी टिपऱ्या घेऊन फेर धरला होता. बारावी होऊन दोन वर्षं घरीच बसवलेल्या शेजारच्या पोरीनं सासू-नणंदेच्या गाण्यात एकदम स्वतःचं कडवं घुसवलं, "भुलाबाईले पुसते मी, मोताळ्याच्या कॉलेजात नाव टाकू काय?" बायका खळखळून हसल्या. तिची आई म्हणाली, "बापाले पुस नं वं, भुलाबाईले काय पुसतं!" गावातला एक यूट्यूब चॅनलवाला तेव्हा शूटिंग करत होता. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. तिचं गाणं काढून टाकलेलं, वर सिनेमाची धून, आणि हळू करून दाखवलेली तिची वेणी, कंबर, पाय. मथळा होता 'आपली संस्कृती'. बाईचं अंग दाखवायचं आणि तोंड बंद करायचं, ही यांची संस्कृती! मी भांडायला गेले तर तो म्हणतो, "ताई, तिच्या गाण्याले व्ह्यू नाही भेटत." घरी तिचा बाप एवढंच बोलला, "लय नाचली. आता लग्न." ती म्हणाली, "बाबा, मी त गाऊन राह्यली होती." पण दाखवायला ते गाणं कुठंच उरलं नव्हतं. लग्न झालं. मी अजून 'मुलींना शिकवा'ची पत्रकं वाटते. दर कोजागिरीला तोच व्हिडिओ आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर फिरतो. यंदा तो तिनंच पाठवला, खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून लिहिलं होतं, 'आपली संस्कृती'.