वेबसाइटवरचा समाधानी माणूस

खामगावच्या एका बियाणे कंपनीने वेबसाइट काढली आणि ती कशी झाली हे सांगायला मला बोलावले. कंपनीची बीटी कापसाची पाकिटे गावोगाव पोचली होती. आता मालकांना जगात पोचायचे होते. मी कॉलेजात मराठी शिकवतो. ऱ्हस्वदीर्घ कळणाऱ्याला बाकीचेही सगळे कळत असावे, असा आमच्या गावाचा समज आहे.

आधी सनई वाजली. मग पडद्यावर एक बोंड उमलले आणि त्यातून फेटा बांधलेले मालक निघाले. पुढच्या पानावर मालकांचे वडील. त्यापुढे मालक आणि एक मंत्री.

"कसं वाटते, सर?" शेजारी बसलेल्या मालकांनी विचारले.

लग्न कुणाचे, हे विचारायचे मी टाळले. "एखाद्या गिऱ्हाइकाचं काम होते का, ते पाहतो," म्हणालो.

गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. सोनाळा गावात एका म्हाताऱ्या गृहस्थांचे बियाण्याचे दुकान होते; सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या शब्दावर लोक पाकीट न वाचता घेत. त्या पेऱ्यात याच कंपनीच्या एका लॉटचे निम्मे बी उगवलेच नव्हते. कंपनीच्या माणसाने शेत पाहिले तरच बियाणे बदलून मिळणार होते, आणि तो नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायच्या आत यायला हवा होता. मोकळ्या जागी दुसरे बी टोबले की पुरावाच हिरवा होतो. शेतकरी चार-सहा दिवस थांबायला तयार झाले, ते फक्त चाचांकडे पाहून. चाचांनी फोन केला, तेव्हा ऑफिसातून उत्तर आले, "वेबसाइटवर टाका."

वेबसाइटवर 'आमचा वारसा' होता, 'आमचे सन्मान' होते, तक्रारीला जागा नव्हती. 'आपला अभिप्राय' नावाचा एकच फॉर्म होता आणि तो फोटोशिवाय पुढे सरकत नव्हता. म्हणून मी कॅमेरा घेऊन सोनाळ्याला गेलो.

"पाच मिनिटं, सर," म्हणून चाचा आत गेले आणि इस्त्रीचा कुडता घालून, दाढी विंचरून, अत्तर लावून बाहेर आले. एका शेतकऱ्याच्या शेतात तुटक्या तासांमध्ये, म्हणजे जागोजाग रिकाम्या राहिलेल्या ओळींमध्ये, ताठ उभे राहिले, रिकामे पाकीट छातीशी धरले आणि हसले.

"चाचा, तक्रारीचा फोटो आहे हा."

"मंग काय रडून राह्यलेला काढता? कंपनीवाल्यायले दिसलं पाह्यजे, माणूस इज्जतदार आहे."

मला ते पटले. मजकुराची सुरुवातही त्यांनी अदबीने करायला लावली: 'मी पंधरा वर्षांपासून आपलेच बियाणे विकतो.' लॉट नंबर, न उगवलेले बी, माणूस पाठवण्याची विनंती, हे सगळे त्यानंतर. खामगावच्या नेट कॅफेत मी बटण दाबले. सनई वाजली. 'आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत,' असे पडद्यावर आले.

तिसऱ्या दिवशी चाचा वेबसाइटवर झळकले. पानाचे नाव होते 'आमचे समाधानी ग्राहक'. फोटो कमरेपासून कापला होता, त्यामुळे तुटके तास गेले आणि हसू राहिले. मजकुरातले पहिले वाक्य तेवढे ठेवले होते.

मी ऑफिसात गेलो. "हा फोटो काढा आणि आजच्या आज माणूस पाठवा."

"काऊन काढता, सर?" मालक म्हणाले. "तुमीच म्हणाले होते ना, गिऱ्हाईक पाहतो म्हणून. किती गोड हसून राह्यले बुढे! अन् माणूस पाठवाचं खातं वेगळं आहे."

तोवर तालुक्याच्या गावच्या, संग्रामपूरच्या, कुणीतरी त्या पानाची प्रिंट काढून सोनाळ्यात पोचवली होती. मी दुकानात पोचलो तेव्हा ती गल्ल्यावर पडली होती आणि समोर पाचसहा शेतकरी उभे होते.

"आमाले म्हणता थांबा, अन् तुमी तिथं दात काढून राह्यले?" एकाने विचारले. "कंपनीनं काय देल्लं, चाचा?"

फोटो कसा निघाला, हे मी समजावून सांगू लागलो. "तुमी तं कंपनीचेच माणूस, सर," दुसरा म्हणाला. त्यात खोटे काही नव्हते. त्याच दुपारी त्यांनी समोरच्या दुकानातून बी नेले आणि नांग्या भरल्या. आता कुणी आले असते तरी पाहायला काही उरले नव्हते.

चाचांनी प्रिंट उचलून नीट पाहिली. "फोटो चांगला काढला हो तुमी," एवढेच म्हणाले.

माझा अहवाल दोन वाक्यांचा झाला: 'वेबसाइट मालकांना दिसण्यासाठी उत्तम आहे. काम असणाऱ्याने तिकडे फिरकू नये.' मालकांनी त्यातले पहिले वाक्य वेबसाइटवर टाकले, चाचांच्या फोटोखाली.

पुढच्या हंगामात चाचांच्या दुकानात बियाणे नव्हते. टिनाचे पत्रे आणि काटेरी तारेची बंडले होती. मी गेलो तर त्यांनी चहा मागवला.