छत ज्यांनी उघडून दिलं

मालवणच्या त्या नव्या हॉटेलात माझी नोकरी टिकली ती खोल्यांना प्लास्टरचं खोटं छत करणाऱ्या मेस्त्रीकाकांमुळे. त्यांचं नावही मला ठाऊक नाही.

मी लातूरकडचा, नववीत शाळा सोडलेला. नेटच्या केबल ओढायला इथे आलो. ठेकेदाराने भिंतींतून कॅट-सिक्सची जाड केबल टाकून घेतली आणि टोकांना मात्र जुन्या कामातले उरलेले कॅट-फाइव्हचे, म्हणजे बारीक केबलचे, कनेक्टर लावायला दिले. तपासणीत खोल्यांमागून खोल्या नापास झाल्या. ठेकेदार माझ्यावरच उखडला, "आज नीट झालं नाही, तर उद्या गावाकडची गाडी धर!" टोकं कापून योग्य कनेक्टर लावायचे, तर केबल तोकडी पडत होती. जादा ठेवलेली केबल काकांनी नुकत्याच बंद केलेल्या छतावर होती.

बोलण्याआधी काका पेन्सिल कानामागे खोचत. मी रडवेला होऊन सगळं सांगितलं, तेव्हा तशी खोचून म्हणाले, "तुझो ठेकेदार म्हणजे नव्या होडीक फुटको नांगर लावणारो! तू रडतंस कित्याक रे? छप्पर काय, माका परत करूक येता." आणि स्वतःच गुळगुळीत केलेलं छत त्यांनी कापलं. मी केबल खाली ओढून योग्य कनेक्टर लावले, खोल्या पास झाल्या आणि काकांनी कापलेली जागा पुन्हा बुजवली.

छतावरची ठिगळं पाहून हॉटेलचे मालक भडकले. मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "माझोच हात चुकलो." मालकांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

ते दोडामार्गाकडे गेले, एवढंच कळलं. त्या छताकडे माझ्याने अजून बघवत नाही. काका, जरा पाय रोवले की तुम्हाला शोधून आणीन, आणि तुमचा हात चुकला नव्हता हे मालकांना तुमच्यासमोर सांगीन.